ताईचा लॅपटॉप

माझा जुना लॅपटॉप मी ताईला दिला, तेव्हा मला वाटलं होतं की मी तिचं मोठं काम केलं. ताई देवरूखला असते. सासूच्या आजारपणात तिने ग्रंथपालाची नोकरी सोडली होती. सासू गेल्यावर पुन्हा नोकरी शोधत होती आणि एका कॉलेजातून ऑनलाइन मुलाखतीचं बोलावणं आलं होतं.

मी रत्नागिरीत घरांचे नकाशे करतो. तो लॅपटॉप मी थ्रीडी चित्रांसाठी घेतला होता. त्यात दोन ग्राफिक्स प्रोसेसर होते. एक बारका, रोजच्या कामापुरता, बॅटरी जपून वापरणारा. दुसरा दांडगा, अवजड चित्रं काढायची असली की लागणारा, आणि बॅटरी गटागटा पिणारा. कुठल्या कामाला कुठला घ्यायचा हे एरवी यंत्र स्वतःच ठरवतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला. "उद्या लाइनच्या कामासाठी दिवसभर वीज नाहीये. दोन तास चालेल ना रे हा?"

"फुल चार्ज करून ठेव. आरामात चालेल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तासाभरातच तो बंद पडला. त्यातला बराच वेळ तिचा नंबर यायची वाट बघण्यात गेला होता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना स्क्रीन काळी झाली. फोनवरून ती पुन्हा जोडली जाईपर्यंत त्यांनी पुढच्या उमेदवाराला घेतलं होतं.

तिने मला फोन केला. मी पालीला एका साइटवर उभा होतो, घाईत होतो. "काय काय उघडून ठेवलं होतंस? ताई, सगळं बंद करून बसायचं असतं. एवढं साधं कळत नाही?"

ती म्हणाली, "असेल. माझंच काहीतरी चुकलं असेल."

पुढे चार-पाच महिन्यांनी ती माझ्याकडे राहायला आली, लॅपटॉप घेऊन. "फार तापतो रे, बघ जरा." ती माझ्या बायकोबरोबर स्वयंपाकघरात फणसाचे गरे काढत होती, मी बाहेर सेटिंग उघडून बसलो. सगळ्या कामांसाठी कायम दांडगाच प्रोसेसर वापरायचा, असं तिथे ठरवून ठेवलेलं होतं. ते मीच केलं होतं. एका बंगल्याचं चित्र सारखं अडकत होतं म्हणून एकदा वैतागून केलं आणि विसरलो. मुलाखतीत ताई नुसती समोरच्यांशी बोलत होती, तरी तो दांडगा आत राबत होता.

मी सेटिंग बदललं. लॅपटॉप गार झाला. बाहेर येऊन तिने हात लावून पाहिला आणि बायकोला म्हणाली, "बघितलंस? ह्याने हात लावला की झालं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नुसता हसलो.

ती परत गेल्यावर आठवडाभर मला चैन पडेना. शेवटी देवरूखला गेलो आणि सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी काही चुकीचं केलं नव्हतं?"

"नाही."

"मधे दोन ठिकाणी जागा निघाल्या होत्या," ती म्हणाली. "मी अर्जच केला नाही. म्हटलं, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, आपल्याला जमायचं नाही. साधा लॅपटॉप सांभाळता आला नाही मला."

मी माफी मागितली. "चहा घेतोस ना?" असं विचारून ती उठली. चहा पिताना आम्ही दुसरंच काहीतरी बोलत राहिलो.

नंतर मी तिच्या मागे लागून एका ठिकाणी अर्ज करायला लावला. तिथे वयाची मर्यादा होती आणि ती तिने नुकतीच ओलांडली होती. आता ती गावातल्या वाचनालयात संध्याकाळी दोन तास बसते. लॅपटॉप अजून वापरते. काही अडलं तर मला विचारत नाही, शेजारच्या शिक्षिकेला विचारते. हे मला त्या शिक्षिकेकडूनच कळलं.