दोन कॉटची खोली

गेल्या वर्षी नऊ जूनला, आमच्या सांगलीच्या ऑफिसात, माणशी बारा लाख पन्नास हजार हा आकडा मी टेबलावर ठेवला. हजर चौघं होतो: आमचे मालक मोहितेसाहेब, पलूसजवळच्या एका गावचे भूपालअण्णा पाटील, त्यांच्या पत्नी आक्का आणि मी. अण्णांचा एकुलता मुलगा संजय सिंगापूरहून स्क्रीनवर होता.

मी एस्टिमेटर आहे. इमारत उभी राहण्याआधी ती कितीला पडेल हे कागदावर काढणं, हे माझं काम. तोवर बंगले, शाळा, दोन मंगल कार्यालयं केली होती. परदेशातलं हे पहिलंच.

सातारा-सांगलीकडची बरीच मुलं सिंगापुरात नोकरीला आहेत. आईवडिलांना तिथं कायमचं ठेवून घेणं त्यांना जमत नाही. व्हिसा मिळत नाही, घरभाडं झेपत नाही. पण पूल ओलांडला की मलेशियातलं जोहोर, आणि तिथं सगळं बरंच स्वस्त. अशा काही मुलांनी मिळून तिथली एक अर्धवट राहिलेली इमारत ठरवली होती. वीस खोल्या, एक स्वयंपाकघर, एक नर्स, आपल्याकडचा आचारी. मुलं दर रविवारी येऊन भेटणार. इमारत पुरी करून द्यायचं काम आमच्याकडे होतं.

"बारा पन्नास जास्त होतात," संजय म्हणाला. "बाराच्या वर गेलं तर निम्मे लोक बाहेर पडतील. कदाचित मीसुद्धा."

मोहितेसाहेबांनी प्लॅन माझ्याकडे सरकवला. "ह्या चार खोल्या सिंगल कशाला ठेवल्यात?"

"सोळा डबल, चार सिंगल. छत्तीस कॉट होतात. एकट्या माणसांना लागतील."

"नाव घातलेली सगळी जोडपी आहेत, मॅडम. ह्यात एकटं कोण आहे?"

यादीत एकटं कोणी नव्हतं, हे खरं होतं. मी तिथंच बसून पुन्हा मांडणी केली. एकूण खर्च साडेचार कोटी. चार कॉट वाढल्या, त्यांची कपाटं आणि बाकीचं सामान मिळून सहा लाख. चार कोटी छप्पन्न लाख भागिले चाळीस. माणशी अकरा लाख चाळीस हजार. संजयचा चेहरा उजळला.

अण्णांनी प्लॅनवरच्या एका खोलीवर बोट ठेवलं. "मॅडम, एक इचारू का? खोलीत कॉट दोन. त्यातली एक रिकामी झाली, की मग?"

"अण्णा, चांगल्या कामाच्या वेळी हे कशाला काढताय?" मोहितेसाहेब म्हणाले.

आक्का म्हणाल्या, "आवं, मी गेले की दोन्ही कॉटवर पसरून झोपा की. आत्ता तरी कुठं मला जागा ठेवतासा?"

सगळे हसले. मीही हसले.

उत्तर मला ठाऊक होतं. आमच्या धंद्यात ऑक्युपन्सी म्हणतात, म्हणजे चाळीसपैकी किती कॉट भरलेल्या आहेत. नर्सचा पगार, आचारी, वीज हे चाळीस जणांत वाटलं तरच महिना परवडतो. म्हणून नियमावलीत एक ओळ होती: कॉट रिकामी झाल्यास तीस दिवसांत यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावी, आणि त्यानंतर आधीच्या माणसाची साठ टक्के रक्कम परत करावी. ती ओळ मीच टाइप केली होती. अण्णांनी चष्मा लावून ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. दर रविवारी मुलगा दिसणार होता.

जानेवारीत इमारत ताब्यात द्यायला मी गेले, तेव्हा दोघं खुशीत होती. जैन माणसं, दिवस मावळायच्या आत जेवणारी. "हितं बारा म्हैनं सातलाच मावळतंय, घड्याळ बघाय नको," अण्णा म्हणाले. आक्कांनी दोन्ही कॉट जोडून वर एकच जाजम अंथरलं होतं.

एप्रिलमध्ये आक्का गेल्या. हृदयविकाराचा झटका. पंधराव्या दिवशी मला अण्णांचा फोन आला.

"मॅडम, त्ये साठ टक्के मला नगंत. कॉट तेवढी तशीच ऱ्हाऊ दे. किती पडंल?"

एका कॉटचा महिन्याचा वाटा चौतीस हजार होता. मी आकडा सांगितला, चाळीस लाख ऐंशी हजार.

"किती वर्सं धरलीसा?"

"दहा."

"लय धरलीसा."

मी संजयशी बोलले. तो म्हणाला, "ताई, इथलं घर आणि तिथलं घर, दोन्ही मीच चालवतो. येणारा माणूस चांगला आहे. अण्णांना सांगा ना तुम्ही." व्यवस्था बघणाऱ्या मुलांचंही एकच म्हणणं होतं. आज एकाला दिली तर उद्या प्रत्येक खोली मागेल.

एका रविवारी घरी बसून मी दुसरा रस्ता काढला. इमारतीत चादरी-टॉवेल ठेवायची स्टोअररूम होती, आठ बाय दहा. भिंतीत खिडकी काढून संडास-बाथरूम जोडलं तर दोन लाख दहा हजारांत एक सिंगल खोली होत होती. अण्णांना फोनवर तसं सांगितलं आणि कागद मोहितेसाहेबांना दाखवला.

"प्लॅन चांगला आहे," ते म्हणाले. "पण चादरी कुठं ठेवायच्या? आणि खोली एकच. ती अण्णांनाच का?"

माझ्या पहिल्या प्लॅनमध्ये अशा चार होत्या.

एकतिसाव्या दिवशी जोडलेल्या कॉट वेगळ्या केल्या. फलटणकडचे एक निवृत्त शिक्षक दुसऱ्या कॉटवर आले. त्याच आठवड्यात अण्णांचा पुन्हा फोन.

"गुर्जी लय चांगलं हाईत. घोरत बी न्हाईत. पण जाग आली की तिकडं कोनतरी दुसरंच असतंय."

दोन महिन्यांनी अण्णा गावी परत आले. आता संजय रविवारी फोनवर दिसतो, जोहोरच्या आधी दिसायचा तसा. मी भेटायला गेले, तर अण्णांनी स्वतः चहा केला. साखर जास्त झाली होती.

"त्या स्टोअररूमच्या कागदाचं तुमचं किती झालं?"

"काही नाही, अण्णा. ते काम झालंच नाही."

"कागद तर केलासा न्हवं? आमी फुकटचं घेत न्हाई."

तेव्हापासून अशा कामाच्या एस्टिमेटमध्ये मी जोडपं हा शब्द लिहीत नाही. एक माणूस आणि एक माणूस, असं लिहिते. आकडा वाढतो, आणि गिऱ्हाईक कधीकधी जातं.

दोन्ही कॉटचे साठ टक्के, तेरा लाख अडुसष्ट हजार, संजयच्या खात्यावर जमा झाले. पैसे त्याचेच होते. अण्णांनी मला पाचशे रुपये दिले आणि पावती मागितली. पावतीवर कामाचं नाव लिहावं लागतं. मी लिहिलं: सिंगल खोली, एक, आठ बाय दहा, फक्त कागदावर.