शिट्टीची रेघ

टकटक्याच्या हाताला एक खोड होती. समोर दिसेल ती वस्तू बोटाच्या पेराने वाजवून पाहायची. बादली घ्यायला गेला तर आधी तिच्या बुडावर टकटक, मग किमतीची चौकशी. जिन्याचा कठडा, लिफ्टचं दार, रिकामा डबा, भरलेला डबा, काही म्हणून सुटायचं नाही. एकदा दवाखान्यात शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या पायाचं प्लास्टरही त्याने असंच वाजवून पाहिलं होतं. त्यावर त्या गृहस्थांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याला आईबापांनी ठेवलेलं एक बरं नाव होतं, पण गल्लीने त्याचा टकटक्या केला तो कायमचा, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते आवडायचं.

या खोडीवरच त्याचं घर चालत होतं. हल्ली पुष्कळ गाणी कॉम्प्युटरवर जुळवली जातात. करणाऱ्याकडे ना ढोल असतो ना ढोलवाला. त्याला आवाज तयार लागतात. एखादा ठोका, एखादा खणखणाट, दार लागल्याचा एक धप्प. असे आवाज निवडायचे, घासूनपुसून स्वच्छ करायचे, त्यांना नावं द्यायची आणि एकत्र बांधायचे, की झाला साउंड पॅक. घेणारा तो सॉफ्टवेअरमध्ये टाकतो आणि त्यातून गाणं उभं करतो. टकटक्या असे पॅक करायचा. त्याची बादली कुठल्या तरी गाण्यात नगारा होऊन बसायची आणि त्याला पत्ताही नसायचा. कधी एखाद्या गाडीतून गाणं ऐकू यायचं आणि हा रस्त्याच्या मधोमध उभा. "अरे, हे आपलं कपाट!" मागच्याने हॉर्न दिला, तर हॉर्नही लक्ष देऊन ऐकायचा.

घरातली मागची खोली त्याची. भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या, खिडकीला दुहेरी पडदे, मधोमध माइक, माइकपुढे एक पायपुसणं आणि पायपुसण्यावर त्या दिवसाची वस्तू. दार लावलं की जग बाहेर राहायचं. ठोका काय, कुणालाही ऐकू येतो. टकटक्याला आवडायचं ते ठोक्यानंतरचं. भांडं हळूहळू गप्प होत जातं, तो डोळे मिटून त्या आवाजाच्या मागे मागे चालत जायचा. आवाज बारीक होत होत कुठेतरी विरून जायचा आणि हा मात्र पुढेच गेलेला असायचा, जिथे काहीच वाजत नाही आणि तरी काहीतरी वाजणार आहे असं वाटतं तिथे. बायको दार उघडून "अहो, जेवताय ना?" म्हणायची तेव्हा त्याला वाटायचं, आपल्याला कुणीतरी फार लांबून, पाण्यापलीकडून हाक मारतंय.

बायको चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. दिवसभर उभं राहायचं काम. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती, आणि मनापासून हसली की हसण्याच्या अगदी शेवटी, श्वास आत घेताना, त्या फटीतून एक बारीक शिट्टी वाजायची. तिला स्वतःला त्याचा गंधही नव्हता. टकटक्या तरुणपणी एका स्टुडिओत वायरी उचलायच्या कामाला होता, तेव्हा ती गाणाऱ्या मैत्रिणीबरोबर सहज आली होती. हा स्वतःच पसरलेल्या वायरीत पाय अडकून स्वतःच आपटला, ती हसली, आणि माइक चालू होता. तेवढा तुकडा त्याने ठेवून दिला. पुढे लग्न ठरलं तेव्हा त्याची आई सगळ्यांना सांगत सुटली, "लोक मुलगी पाहून पसंत करतात, आमच्याने ऐकून केली."

ते हसणं त्याने कधी कुठल्या पॅकमध्ये घातलं नाही. घरातलं झाकण विकलं, चमचा विकला, शेजारच्यांचं कुत्रंसुद्धा विकलं. ते हसणं मात्र विकायचं नाही, असं त्याचं त्याने ठरवलेलं होतं.

आणि मग ती शिट्टी बंद झाली.

कधीपासून, ते त्याला नेमकं सांगता आलं नसतं. दोनेक वर्षं झाली असतील. ती हसायची, पोट धरून हसायची, पण शेवटी तो कान टवकारून वाट बघायचा आणि काहीच यायचं नाही. एका रविवारी दुपारी ती झोपलेली असताना त्याने वाकून तिचे दातही पाहून घेतले. फट होती तिथेच होती. म्हणजे दातांत काही बिघाड नव्हता. बिघाड मनात होता. स्टुडिओतली पगाराची नोकरी सोडून आपण या आवाजांच्या नादी लागलो आणि बाई दिवसभर उभी राहून कंटाळून गेली. आता ती हसते ते आपल्याला बरं वाटावं म्हणून, वरवरचं. असं त्याने मनाशी पक्कं केलं आणि आतल्या आत झुरत राहिला. विचारायची सोय नव्हती. तू आतून हसत नाहीस का, असं बायकोला कुठल्या तोंडाने विचारणार?

मग स्वारीने विनोद पाठ करायला घेतले. जेवताना एक, चहाबरोबर एक. पोपटाचा विनोद तर इतक्यांदा सांगितला की पोपटही विटला असता. ती बिचारी हसायची. हा शेवटपर्यंत जिवाचा कान करून ऐकायचा आणि मग याचं तोंड उतरायचं.

"अहो, हसले ना मी? मग असं तोंड पाडून का बसता?"

"कुठे काय."

"नाही हसले तर फुगता, हसले तर रडता. तुमचं काही कळत नाही बाई."

यावर त्याने शेवटी एक उपाय काढला. एकच पॅक, पण असा, की आजवर कुणी केला नसेल. घर. आपल्याच घरातला प्रत्येक आवाज, नळाच्या थेंबापासून कडीपर्यंत. तो चालला की बायकोला म्हणायचं, आता नोकरी पुरे, बस निवांत. मग शिट्टी आपसूक परत येईल. त्याने महिनोन्‌महिने घर वाजवलं. आवाज काहीसे मंद, धुरकट वाटत होते, तेव्हा त्यांतली बारीक, वरच्या सुराची बाजू चढवून ते उजळले. चमचे लखलखीत केले, किल्ल्या चकचकीत केल्या, आणि पॅक पाठवून दिला.

पॅक विकणारा एक तरुण होता. त्याचा दुपारी फोन आला. "काका, एक बोलू? राग मानू नका."

"बोल ना."

"पॅक कानाला बोचतोय. चमचा वाजला की सुई टोचल्यासारखं होतंय. मागच्या दोन पॅकनाही तशाच तक्रारी आल्या होत्या. मी कानाडोळा केला, म्हटलं काकांचा हात आहे, काहीतरी विचार असेल. पण आता इथे सगळ्यांनी हेडफोन काढून ठेवलेत. वरचा आवाज एवढा का चढवला?"

"मंद होता म्हणून जरासा उजळला."

"जरासा?"

टकटक्या भडकला. तुमची पिढी मोबाइलच्या डबड्यावर गाणी ऐकून मोठी झाली, तुम्हाला उजेड सोसत नाही, असं काहीबाही बोलला आणि फोन ठेवला. पण जिव्हारी लागलं होतं. तो मागच्या खोलीत गेला, दार लावलं आणि बसून राहिला. आपला कान खरा की त्यांचा, हे ठरवायचं तर जो आवाज आपल्याला हाडामासापर्यंत पाठ आहे असाच काढायला हवा. असा एकच होता. त्याने ते जुनं हसणं लावलं.

वायर सरकल्याचा आवाज. धप्प. कुणीतरी म्हणालं, "अरे अरे!" मग ती हसली, वीस-बावीस वर्षांची, खळखळून, थांबता थांबेना अशी. हसणं सरलं. टकटक्या वाट पाहत राहिला.

शिट्टी नव्हती.

त्याने पुन्हा लावलं. हेडफोन बदलले. पिन काढली, फुंकर मारून परत खोचली. फाइल बिघडली असेल म्हणून त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या आवाजाचं चित्र उघडलं. सॉफ्टवेअरमध्ये आवाज असा पसरून बघता येतो, जाड आवाज खाली, बारीक आवाज वर. खाली धप्पाचा मोठा डाग होता. मध्ये हसण्याच्या लाटा होत्या. आणि त्या संपल्या की वर, पार वर, एक लख्ख बारीक रेघ तिरकी चढत गेलेली होती.

त्याने परत लावलं. सरकणारी खूण हसण्यावरून पुढे गेली, त्या रेघेच्या या टोकाशी आली, त्या टोकातून बाहेर पडली. कानात शांतता.

तो कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत बसला. शिट्टी जागेवर होती. तीस वर्षांपूर्वी होती, दोन वर्षांपूर्वी होती, काल पोपटाच्या विनोदावरही असेल. ती हसायची थांबलीच नव्हती. आधी त्याला इतका आनंद झाला की त्याने टेबलावर टकटक केलं. मग त्या टकटकीकडेच त्याचं लक्ष गेलं. तीही गादीतून आल्यासारखी, मऊ. म्हणजे बिघाड कानात होता, आपल्याच.

बायको कामावरून आली तेव्हा त्याने तिला आत बोलावलं, माइकपुढे बसवलं आणि म्हणाला, "हस."

"का?"

"हस ना गं."

"असं कसं हसू? मी काय नळ आहे, पिळला की सुरू?"

त्याने पोपटाचा विनोद सुरू केला. अर्ध्यावर आला आणि पुढचं काही आठवेना. हजारदा सांगितलेला विनोद, आणि हा तोंड उघडं टाकून बसलेला. शेवटी तिनेच तो पुरा केला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला जे हसू फुटलं ते फुटलंच. टकटक्या तिच्याकडे बघतच नव्हता. तो पडद्याकडे बघत होता. लाटा आल्या, सरल्या, आणि वर एक रेघ तिरकी चढत गेली. तशीच. तितकीच बारीक.

"आहे," तो म्हणाला. "तुझी शिट्टी आहे." आणि ढसाढसा रडला.

मग सगळं बाहेर आलं. तिने ऐकून घेतलं आणि आधी रागावली. "दोन वर्षं तुम्ही मला दुःखी समजत होतात? आणि विचारायचं नाही? मी आपली हसतेय, हसतेय, आणि हे मनात माझं तेरावं करून मोकळे!"

"चुकलं."

ती त्याच्याजवळ सरकली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आमच्या दुकानात लोक फळ्यावरची अक्षरं पाठ करून येतात. धाडधाड म्हणून दाखवतात. मी फळा बदलला की गप्प. तुमचंही तसंच चाललं होतं, मला कळत होतं. कपडे धुवायचं मशीन तुमच्या शेजारी पीं-पीं ओरडत असतं आणि तुम्ही आपले बसलेले. पण डोळे गेले असं कुणाला सांगणं वेगळं. तुम्हाला कान गेलेत म्हणायचं म्हणजे... माझी जीभ रेटली नाही."

"म्हणजे तूही विचारलं नाहीस."

"नाही विचारलं." तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. "दोघंही सारखेच शहाणे."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की यंत्र लावलं की बोलणं नीट ऐकू येईल, पण अगदी वरच्या टोकाचं जे गेलं ते परत येणार नाही. टकटक्याने पॅकवाल्या तरुणाला फोन करून माफी मागितली, आणि खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "काका, पॅक नीट करून परत पाठवा. घाई नाही."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मागच्या खोलीत दोन खुर्च्या असतात. हेडफोन तिच्या कानाला, हात त्याचा. तो एकेक आवाज लावतो आणि ती सांगते, बोचतंय, अजून बोचतंय, हं, आता चमचा चमच्यासारखा वाटतोय. नोकरी तिने सोडली नाही. मला माणसं बघायला आवडतात, म्हणाली, तुम्हाला कुणी सांगितलं मी कंटाळले?

अशाच एका दिवशी काम संपल्यावर तिने विचारलं, "ती शिट्टी शिट्टी म्हणता, ती मला तरी ऐकवा. मी कुठे ऐकलीय कधी?"

त्याने जुनी फाइल काढली आणि लावली. ती हेडफोनवर दोन्ही हात दाबून ऐकत होती. स्वतःलाच तरुणपणी हसताना ऐकून तिला आधी लाज वाटली, मग ती थबकली.

"आली?" त्याने विचारलं.

"आली."

"कशी आहे?"

तिने डोळे मिटले. "बारीक आहे. किटली उकळायच्या आधी करते ना, तशी. चढत जाते आणि मध्येच सुटते." मग म्हणाली, "अगदीच बावळट आहे हो."

"हो," टकटक्या म्हणाला. "हीच ती."

"परत लावा."

त्याने परत लावली, आणि या वेळी पडद्याकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.