थांबमामाचं अर्धं वावर

"थांब! पाय उचलू नोको! जिथं हायस तिथंच थांब!"

ही आरोळी सगळ्या आंजी गावानं ऐकली. मी तर म्हणेन, पार गिरडच्या टेकडीवरची कबुतरंही उडाली. बांधावर मामी, डोक्यावर वांग्याच्या रोपांची टोपली. समोर वावरात पालथा पडून, लोखंडी सळई मातीत तिरकी खुपसत सरकणारा माझा मामा.

"रोपं सुकून राह्यली अन् तुमी काय लोळून राह्यले?" मामी कडाडली. "सुरुंग नाई, वाळवी निघन तिथं!"

मामा फौजेतला सुरुंग काढणारा. पेन्शनीत निघाल्यावर तेच काम करायला श्रीलंकेत गेला. तिथलं आपसातलं युद्ध संपलं होतं, जमिनीत पेरलेलं मात्र संपलं नव्हतं. परतला तो जमिनीवरचा विश्वास तिकडंच ठेवून. लग्नाच्या मांडवातल्या सतरंज्या टोचून पाहायचा. एका नवरदेवाला तर घोड्यावरून उतरूच देईना. बिचारा वरच जेवला. शपथेवर सांगतो, घोड्यानंही दोन जिलब्या खाल्ल्या. तेव्हापासून मामा गावाचा थांबमामा झाला.

गावाचा संशय निराळाच. लंकेहून आलेला माणूस वावरात पाय ठेवू देत नाही, म्हणजे सोनंच पुरलं असणार! रोज कुणीतरी हरवलेली शेळी शोधत बांधावर हजर. त्यातल्या निम्म्यांकडे शेळीच नव्हती. मीही एकदा लाडीगोडी लावून विचारलं, "मामा, खरं सांगा, तिथून काय आनलं?"

मामानं सळई पुसली. माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्याच खिशात सुरुंग असावा.

"तिथं एका म्हातारीचं वावर साफ केलं होतं. रिवाजच हाय, साफ करनाऱ्यानं मालकासमोर चालून दाखवाचं. चाललो. उड्या मारल्या. लोळलो. म्हातारी सडकेवरून हलली नाई. म्हने, शेजारीही असाच हासून सांगे, खुशाल जा. माहा पोरगा गेला, तो आलाच नाई." सळई पुन्हा मातीत खुपसत म्हणाला, "तिचं वावर अजून पडीत हाय."

आपल्या वावरातही मामा तसंच करी. तपासलेल्या पट्ट्याला पांढरी दोरी बांधायचा, मामीसमोर त्यावर चालून दाखवायचा, मगच तिला येऊ द्यायचा. मामी हसत, शिव्या घालत रोपं लावायची. वांगी अशी आली म्हणता! बाजारात बाया एकेक वांगं कडेवर घेऊन जोजवत न्यायच्या.

अर्धं वावर झालं आणि मामा गेला. झोपेतच गेला, अंथरूण आधी टोचून पाहिलं असणारच.

यंदा मामीकडे गेलो. दोरीच्या अलीकडे वांगी, पलीकडे कंबरभर गवत.

"मामी, आता कोनाची वाट पाह्यतं? ट्रॅक्टर आनतो, पलीकडचंही नांगरून टाकू!" म्हणत मी दोरीवरून पाय टाकायला गेलो, तर मागून कॉलर धरली गेली.

"काऊन वं मामी? काय हाय तिथं?"

मामी पुन्हा वांगी तोडायला बसली.

"काई नसन. पन तेवढं पाह्यचं राह्यलं ना त्याइचं."