दादाचं बोट

आमच्या बाइंडिंगच्या दुकानात तीन जण असतात. मी, माझा मोठा भाऊ म्हणजे दादा, आणि हेडमास्तर. हेडमास्तर दिसत नाही आणि दादाशिवाय कुणाला ऐकूही येत नाही. दादा बाविशीत असताना तो पहिल्यांदा आला. आता दादाने पन्नाशी ओलांडली, तरी स्वारी हलायचं नाव घेत नाही. औषधांनी त्याचा आवाज तेवढा बसला. पण कामाचा ताण वाढला की घसा खाकरून पुन्हा सुरू, "टाका वाकडा आहे. उसव. परत घाल."

सुरुवातीची वर्षं वाईट गेली, ती मी उगाळत बसणार नाही. पुढे दादाने आपली आपण एक घडी बसवली. हेडमास्तरला त्याने भेटीची वेळ ठरवून दिली, संध्याकाळी सहा. खिडकीपाशी एक वेताची खुर्ची आहे. दादा तिच्यात बसतो, घड्याळ समोर ठेवतो आणि पंधरा मिनिटं त्याचं सगळं म्हणणं निमूट ऐकून घेतो. दिवसा तो मध्येच तोंड घालायला लागला, तर दादा शिवता शिवता पुटपुटतो, "सहा वाजता." सव्वासहाला उठतो आणि खळीचं पातेलं धुवायला घेतो.

"काय म्हणाला आज?" मी एकदा विचारलं.

"तेच ते. बिचाऱ्याला नवीन काही सुचतच नाही."

दुसरी सोय आम्हा दोघांची. एखादा आवाज खरा की आतला, अशी शंका आली की दादा डाव्या हाताचं बोट वर करतो. मीही तो ऐकला असेल तर मीही बोट वर करते. नसेल तर तळवा टेबलावर उपडा ठेवते. बोलायची गरज नाही, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. ही सोय केल्याला अकरा वर्षं झाली. तेवढ्यात त्याच्याशी मी भांडले भरपूर, तो मला लवंगी म्हणतो ते काही उगाच नाही. पण बोटाच्या बाबतीत मी कधी लबाडी केली नव्हती.

मग शहराच्या ग्रंथालयातून जुन्या वर्तमानपत्रांच्या चाळीस फायली बांधायला आल्या. कागद इतका जीर्ण झालेला, की जोरात शिंकायचीही भीती. असलं काम दादानेच करावं. मी पुठ्ठे कापते, खळ शिजवते, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालते. सुई मात्र त्याची. मला शर्टाचं बटण धड लावता येत नाही. महिनाअखेरची मुदत होती. दादा सकाळपासून टेबलावर वाकलेला असायचा आणि दिवसातून वीसपंचवीस वेळा "सहा वाजता, सहा वाजता" कानावर यायचं. तरी काम झकास चाललं होतं.

एका सोमवारी ग्रंथपालबाई काम बघायला आल्या. नव्यानेच रुजू झालेल्या, कडक इस्त्रीच्या. दादाच्या टेबलापाशी जरा उभ्या राहिल्या. दादा आपल्या नादात म्हणाला, "सहा वाजता." बाईंनी आपल्या घड्याळात पाहिलं. सकाळचे अकरा वाजले होते. मग मला दारापाशी घेऊन गेल्या आणि आवाज खाली आणून, पण पुरेसा खाली न आणता म्हणाल्या, "हा माणूस मला ठीक दिसत नाही. आमचे कागद याच्या हातात देऊ नका. तुम्ही स्वतः शिवा."

जगाशी भांडणारी मी, तेव्हा नेमकी मूग गिळून बसले. "बघते," एवढंच म्हणाले. बाई गेल्या. मी वळले, तर दादाचं बोट वर.

त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी तळवा टेबलावर उपडा ठेवला. दादाने मान हलवली, "सहा वाजता" म्हणाला आणि सुईत दोरा ओवला. मला वाटलं, चला, मिटलं.

मंगळवारी त्याने एकच फाईल शिवली. बुधवारी ती उसवून परत शिवली. गुरुवारी दुपारी डबे उघडले, पण त्याने घास तोडला नाही.

"लवंगी, नवीन आलीय," तो म्हणाला. "या खेपेला बाई आहे. हेडमास्तर निदान माझ्या टाक्यांना नावं ठेवतो. ही म्हणते, याला काम देऊच नका."



"डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय. गोळी वाढवतील."

मागे एकदा गोळी वाढवली होती, तेव्हा सहा महिने त्याच्या हातांना कंप होता. सुई ओवायला गेला की दोरा भलतीकडेच जायचा. शेवटी त्याने सुई ठेवून दिली होती आणि तो नुसता दुकान झाडायचा. हे सगळं तो माझ्याइतकंच जाणून होता.

"वाढवू देत," तो म्हणाला आणि सुयांची डबी माझ्यापुढे सरकवली. "राहिलेल्या फायली तू शिव. मी शेजारी बसून दाखवतो."

 दुपारभर मी एकच पुठ्ठा तीनदा मापला आणि तरी चुकीचा कापला. सहा वाजता दादा खुर्चीकडे निघाला, तर त्याच्या आधी मी जाऊन बसले.

"आज पंधरा मिनिटं माझी," मी म्हणाले. "दादा, ती बाई खरी होती. ग्रंथपालबाई. मीही ऐकलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून मी तळवा खोटा ठेवला."

 तो एकदम हसायलाच लागला.

"म्हणजे जिवंत बाई आहे ती? अगं, मग त्यात काय एवढं! लोक बोलतातच."

मलाही हसू फुटणार, तेवढ्यात त्याचं हसू गेलं.

"चार दिवस मला वाटत होतं की मी परत तिकडेच चाललो. लोकांचं बोलणं मला झेपतं गं. पण तुझाच तळवा खोटा निघाला तर मी विचारायचं कुणाला?"

मला रडू आवरेना. दादाने घड्याळाकडे पाहिलं.

"तुझी अजून अकरा मिनिटं आहेत," तो म्हणाला आणि पातेलं धुवायला गेला.

शुक्रवारी सकाळी मी ग्रंथालयात फोन केला. "शिवण माझा भाऊच करणार. गेली वीस वर्षं तोच करतोय. पटत नसेल तर फायली घेऊन जा," असं एका दमात सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "झाल्यावर बघू." डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि गोळी होती तेवढीच ठेवली. दुपारी अर्धा तास चालून ये, एवढं सांगितलं. सुयांची डबी परत दादाच्या हाताशी गेली. हेडमास्तर सहा वाजता येत राहिला आणि फायलींचा ढीग उतरत गेला.

पण बोट काही वर झालं नाही. शंका आली की दादा स्वतः उठून दाराबाहेर डोकावून यायचा. फोन वाजला तर त्यावर हात ठेवून तो खरंच थरथरतोय का ते बघायचा. माझ्याकडे पाहायचा नाही.  त्याला दर वेळी उठताना पाहून माझा जीव तुटायचा.

महिनाअखेरीला बाई आल्या. मी दारापाशी गठ्ठे बांधत होते, दादा शेवटच्या फायलीचे शेवटचे टाके घालत होता. बाईंनी वरची एक फाईल उघडली. पानं टेबलावर सपाट पसरली, एकही ओळ शिवणीत गेली नव्हती. मग दुसरी उघडली, मग तिसरी. बराच वेळ गेला. शेवटी मान वर न करताच म्हणाल्या, "माझं चुकलं. पुढच्या साठ फायलीही मला यांच्याच हातच्या हव्यात."

दादाची सुई थांबली. त्याने दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे. आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याचं डावं बोट हळूच वर आलं.

मी हातातला गठ्ठा टाकला आणि माझं बोट उंच वर केलं. बाईंना काही कळेना, त्या छताकडे बघायला लागल्या. दादा माझ्या बोटाकडे बघत होता. मी ते तसंच धरून ठेवलं, हात भरून आला तरी.

अखेर त्याने मान हलवली आणि सुई उचलली.

"आज सहा वाजता हे हेडमास्तरला सांगतो," तो म्हणाला.