पूर्ण आणि पूर्णांक

शाळेतली पोरं त्यांना 'हातवाल्या बाई' म्हणायची. नेमणुकीच्या कागदावर 'दुभाषी' असं लिहिलेलं होतं, पण एवढा जड शब्द कोण उच्चारत बसणार? नववीच्या वर्गात एका मुलीला ऐकू येत नव्हतं. सर बोलतील ते तिला हातांनी सांगायचं आणि ती हातांनी बोलेल ते सरांना तोंडाने सांगायचं, हे बाईंचं काम. खुणांची ही भाषा त्या घरीच शिकल्या होत्या. थोरला भाऊ जन्मापासून बहिरा. दादाशी भांडता भांडताच त्यांची बोटं बोलायला लागली.

त्या मुलीच्या गालाला खळी पडायची. खुणांच्या भाषेत प्रत्येकाला एक खुणेचं नाव असतं, आणि तिचं नाव म्हणजे गालावर टेकवलेलं बोट. आपणही तिला खळीच म्हणू.

इतिहास असो, भूगोल असो, बाईंचे हात कुठे अडायचे नाहीत. गणिताशी मात्र त्यांचा छत्तीसचा आकडा. शाळेत असताना त्या विषयात कशाबशा काठावर सुटल्या होत्या आणि पुन्हा त्या वाटेला गेल्या नव्हत्या. त्यात गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून बोलणारे. खडू चालू, बोलणं चालू, मागे कोणाला काय कळतंय याचा पत्ता नाही. बाईंना अर्धं समजायचं. उरलेल्या अर्ध्यात त्या शब्दापुढे शब्द ठेवून हात दामटत राहायच्या. नैसर्गिक संख्या म्हटलं की त्या 'निसर्ग'ची खूण करायच्या, म्हणजे झाड आणि डोंगर. झाडांच्या संख्या कसल्या, असं खळीने एकदा विचारलंही होतं. "पुढे कळेल," असं सांगून बाईंनी वेळ मारून नेली होती.

'संख्यांचे प्रकार' या धड्यावर चाचणी झाली आणि खळीला पंचवीसपैकी दोन गुण पडले.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. खळीची आई लाँड्रीतून तशीच आली होती. इस्त्रीच्या वाफेने तिचे हात लालबुंद झाले होते. सरांनी पेपर टेबलावर ठेवला.

"माझी काही तक्रार नाही," सर म्हणाले. "पोरगी शांत आहे, गुणी आहे. पण हे तिच्या डोक्यावरून जातंय. पूर्णांक ओळखायचे तर एकही उणे संख्या घेतली नाही. ही तर सुरुवात आहे. पुढे काय करणार?"

"सोमवारपासून गणिताच्या तासाला तिला चित्रकलेच्या खोलीत बसवू," मोठ्या बाई म्हणाल्या. "तिलाही त्रास नको, तुम्हालाही नको. काय म्हणता?"

आईने मान खाली घातली. "तुम्ही म्हणाल तसं. माझ्या पोरीचं हसं नको व्हायला."

हे सगळं खळीला सांगायचं कामही बाईंचंच. त्यांनी सांगितलं. चित्रकलेची खोली म्हणताना त्यांची बोटं जडावली.

खळी रडली नाही. तिने पेपर पुढे ओढला, उणे चारवर बोट आपटलं आणि भराभर हात चालवले. "हे पूर्ण नाही. पूर्ण म्हणजे शून्य, एक, दोन, तीन. उणे चालत नाही. तुम्हीच सांगितलंत!"

बाईंनी प्रश्न वाचला. तिथे 'पूर्णांक' लिहिलं होतं.

पूर्ण संख्या शिकवताना त्यांनी हात मिटवून 'पूर्ण'ची खूण केली होती. चार दिवसांनी सर पूर्णांक म्हणाले, तेव्हाही तीच खूण. त्यांना ते दोन्ही शब्द एकच वाटले होते. आईने हाक मारताना कधी पूर्ण नाव घ्यावं, कधी अर्धं, तसं काहीतरी. कागदावर पूर्णांक हा शब्द पाहिल्यावर पोरीने आपल्या हाताशी असलेली एकच खूण त्याला लावली होती. तिने पाठ केलेलं अगदी चोख होतं. चुकीचं होतं ते तिला मिळालेलं.

"काय म्हणतेय ती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

खोलीत ही भाषा दोघींनाच येत होती. आईलासुद्धा घरगुती खुणांपलीकडे फार काही कळायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. 'तिला वाईट वाटतंय' एवढं एक वाक्य बोललं असतं तर विषय तिथेच मिटला असता. खळी एकदा त्यांच्या ओठांकडे बघत होती, एकदा मोठ्या बाईंकडे.

"ती म्हणतेय," बाई हळूच म्हणाल्या, "की मी तिला चुकीचं सांगितलं. आणि ते खरं आहे. पूर्ण आणि पूर्णांक यातला फरक मलाच माहीत नव्हता."

सरांचा आवाज चढला. "म्हणजे महिनाभर तुम्ही माझ्या वर्गात उभं राहून काय सांगत होतात?"

"जेवढं कळत होतं तेवढं."

"आणि कळत नव्हतं तेव्हा विचारायला काय झालं होतं?"

"तुमची पाठ दिसत असते, सर. पाठीला काय विचारणार?"

बोलून गेल्यावर बाईंचीच पाचावर धारण बसली. आई मात्र उठून उभी राहिली होती. "तुमच्यापायी माझ्या पोरीला मठ्ठ ठरवलं होतं इथे!" ती बाईंना म्हणाली.

मोठ्या बाईंनी निर्णय दिला. शुक्रवारी पुन्हा चाचणी, आपल्यासमोर, फळ्यावर. जमलं तर मुलगी गणिताला बसेल. "नाही जमलं, तर तिच्या वर्गाचा आणि तुमच्या नोकरीचा विचार एकदमच करू."

व्हरांड्यात बाई माफी मागायला वळल्या, तर खळीने मान फिरवली. ऐकू न येणाऱ्या माणसाने मान फिरवली की बोलणं संपलं. तो दिवस बाईंनी तसाच काढला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मला शिकवा. आधी मला, मग तिला."

"कुठून?"

"एक, दोन, तीनपासून."

सरांना हे सोपं वाटलं होतं, पण त्यांचाच घाम निघाला. कारण बाई शब्दावर भागवायला तयार नव्हत्या. "हातांनी दाखवता येईल असं सांगा," एवढाच धोशा. खळीही आली, पण बाकावर बसून सरांकडेच बघत राहिली. सरांनी फळ्यावर घरात घर काढलं. मोजायच्या संख्या त्या नैसर्गिक. बाईंनी झाडं-डोंगर सोडून दिले आणि एकेक बोट उघडलं. शून्य आत घेतला की पूर्ण. त्यांनी आधी मूठ मिटली, मग बोटं उघडली. शून्याच्या अलीकडेही तशाच संख्या मांडल्या की पूर्णांक. मुठीपासून दोन्ही हात दोन दिशांना गेले. तेव्हा खळीने पहिल्यांदा बाईंकडे पाहिलं.

पूर्णांकाखाली शून्य सोडून दुसरा पूर्णांक ठेवता आला, की परिमेय. आडवा तळहात, वर एक बोट, खाली एक बोट. जी संख्या अशी लिहिताच येत नाही ती अपरिमेय. दोनचं वर्गमूळ काढत बसलं तर दशांश संपतच नाहीत. बाईंनी बोटं हलवत हात लांब नेला.

खळीने त्यांचा हात मध्येच धरला. "एक भागिले तीन घ्या. शून्य पॉइंट तीन तीन तीन. तेही संपत नाही. मग ते अपरिमेय का नाही?"

बाईंनी ते सरांना सांगितलं. सरांचा खडू थांबला. "कारण तिथे तेच तेच परत येतं. वर्गमूळ दोनमध्ये आकड्यांचा असा ठरावीक गट पुन्हा पुन्हा येत नाही."

मग खळीनेच खूण दुरुस्त केली. एकच बोट तालात हललं तर परिमेय, सगळी बोटं वाट्टेल तशी हलली तर अपरिमेय.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी खुर्ची टाकली. आई दाराशी. सर म्हणाले, "एक स्पष्ट बोलतो. बाईंचे हात हलले तर उत्तर कोणाचं हे मला कळणार नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं. मग ठरलं की बाईंनी फक्त सूचना सांगायची आणि पुढे हात मागे बांधून उभं राहायचं. फळ्यावर घरं काढलेली होती. सर चिठ्ठी देतील, खळीने ती संख्या ज्या सगळ्यात लहान घरात बसते तिथे लिहायची.

उणे चार पूर्णांकांच्या घरात गेला. शून्य पूर्ण संख्यांत. बावीस सप्तमांश ही चिठ्ठी पाहून खळी जरा थबकली, मग तिने तो परिमेयात टाकला. लगेच पायची (π) चिठ्ठी आली. दोन्ही सारखेच वाटून पोरं इथेच घसरतात. तिने पाय अपरिमेयात लिहिला. सर पुढची चिठ्ठी काढत होते, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

शेवटच्या चिठ्ठीवर नऊचं वर्गमूळ होतं. खळी सरळ पहिल्या घराकडे गेली आणि नैसर्गिक संख्यांत ते लिहिलं.

बाईंचा चेहरा पडला. वर्गमुळाचं चिन्ह, म्हणजे अपरिमेय! इतकं छान चाललं होतं आणि शेवटी घात केला पोरीने. खळीने वळून पाहिलं, खडू अजून तिच्या हातात होता, पुसायला वेळ होता. बाईंचे हात पाठीमागे शिवशिवत होते. एक बोट जरी बाजूला झालं असतं तरी पोरीला कळलं असतं. त्यांनी एका हाताने दुसऱ्याचं मनगट आवळलं आणि नजर खिडकीकडे नेली. खळीने खडू खाली ठेवला.

"नक्की?" सरांनी खुणेने विचारलं. तिने मान हलवली.

"नऊचं वर्गमूळ तीन," सर मोठ्या बाईंना म्हणाले. "तीन नैसर्गिकच. सगळं बरोबर आहे."

बाईंनी आवळलेलं मनगट सोडलं.

खळी गणिताच्या वर्गात राहिली. बाईंची नोकरीही राहिली, पण त्यांच्या फाइलमध्ये एक ताकीद लागली, आणि ती योग्यच आहे असं त्या स्वतः म्हणायच्या. जिन्यात खळीने त्यांना अडवून विचारलं, "शेवटी तुमचा चेहरा का पडला होता?"

"मला वाटलं, तू चुकलीस."

"म्हणजे हात मोकळे असते तर मला चुकवलं असतंत?"

"हो."

खळी हसली नाही, रागावलीही नाही. थोडा विचार करून तिने दोन खुणा केल्या, "आधी मूळ काढायचं," आणि निघून गेली.

आईचा राग मात्र लवकर गेला नाही. पुढच्या पालकसभेला ती बाईंशेजारी येऊन बसली आणि समोर बघतच म्हणाली, "आता कोणता धडा चालू आहे?"

"बहुपदी."

"तुम्हाला येतो?"

"काल सरांकडून समजून घेतला. दोन ठिकाणी अडले होते, ते आज परत विचारलं."

"बरं," आई म्हणाली, आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवली.