काचेमागची भाकरी

मी चौथीपर्यंत शिकले आणि त्यानंतर आयुष्यभर भाकऱ्या थापल्या. नवरा पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर होता. त्याच्या खात्यातली पंधरा-वीस माणसं दुपारी आमच्याकडे जेवायला असायची, बहुतेक निपाणी-अथणीकडची, म्हणजे आमच्याच भागातली. त्यामुळे भाकरीतलं मला कळतं. बाकी फार काही कळतं असं मी म्हणत नाही.

आता मी त्याच शहरात मुलाकडे महादेवपुऱ्याला राहते. सून पुण्याची. ती नवी आली तेव्हा तिला अजून नोकरी नव्हती, आणि समोरची शेजारीण रोज दारातून कानडीत विचारायची, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. सुनेला वाटलं, ही बाई आपल्याला आयतं खाणारी म्हणते. आठवडाभर ती शेजारणीशी बोलली नाही. मी अर्थ सांगितला तेव्हा कुठे दोघींचं जमलं.

आमच्या घरापासून तासाभरावर एक तालुक्याचं गाव आहे. पूर्वी तिथे बसस्टँडसमोर एक खानावळ होती, बाकी काही नव्हतं. आता दगडी भिंतींचं, मोठ्या दिवाणखान्याचं रेस्टॉरंट झालंय. शहरातली माणसं रविवारी गाड्या काढून तिथे गावाकडचं जेवायला जातात. सुनेच्या ऑफिसात कुणीतरी कौतुक केलं म्हणून आम्हीही गेलो.

पहिल्या वेळी एण्णेगाई आली. एण्णेगाई म्हणजे आपलं भरलं वांगं, पण त्यात गूळ इतका की पुरणाची आठवण यावी. शेंगदाण्याच्या चटणीला जुनाट वास होता. ताकात बर्फ घातला होता, तो का, ते कळलं नाही. भाकरी मात्र जशी हवी तशी होती. टम्म फुगलेली, पापुद्रा सुटा, कडा कुठे जाड नाही. मी चार खाल्ल्या. सुनेने फोटो काढले ते शोभेला टांगलेल्या कंदिलाचे.

दोन महिन्यांनी परत गेलो, ते केवळ मी भाकरीसाठी हट्ट धरला म्हणून. या वेळी दिवाणखान्याच्या मधोमध काचेची खोली केली होती. आत एक पन्नाशीची बाई इरकल लुगडं नेसून, नथ घालून भाकऱ्या थापत होती. आमच्या भागात नथ घालून कुणी भाकऱ्या थापत नाही. लोक काचेला नाक लावून बघत होते, मुलांना उचलून दाखवत होते.

ताटात आलेली भाकरी चामड्यासारखी होती. वाकवली तर मोडेना, फाडली तर फाटेना. मॅनेजर टेबलाटेबलाशी जाऊन विचारत होता. माझ्यापाशी आला तेव्हा मी कानडीत सांगितलं की असली भाकरी मी कामगारांपुढेही ठेवली नसती. सून म्हणाली, "आई, प्लीज." मॅनेजरला वाईट वाटलं नाही. उलट तो म्हणाला की अशा तक्रारी महिनाभर येताहेत. त्या बाईचा हात बिघडलाय, एक तारखेपासून तिला काढून मशीनच्या रोट्या मागवणार आहोत.

हे ऐकून माझं जेवणावरचं लक्ष उडालं. दोन महिन्यांपूर्वी भाकरी कोणी केली होती, असं मी विचारलं. म्हणाला, हिनेच, तेव्हा ती आत स्वयंपाकघरात होती. हात असा दोन महिन्यांत बिघडत नाही. माझा सत्तरीनंतरही बिघडला नाही. मी उठले आणि काचेच्या खोलीत गेले.

आत पाय ठेवताच थंडी वाजली. एसी बरोबर परातीच्या वर होता. पीठ भिजवून होईपर्यंत गार पडत होतं. शेगडी म्हणजे इंडक्शन, आणि वर काळा चकचकीत सपाट तवा. जाळ कुठेच नाही. भाकरी तव्यावर भाजून झाली की जाळावर टाकावी लागते, तेव्हा ती फुगते. इथे ती टाकायची कशावर?

बाई विजापूरकडची होती, मराठी येत होतं. मी विचारलं, "अक्का, मॅनेजरला का सांगितलं नाहीस?"

तिने वर न बघता थापणं चालू ठेवलं. "सांगितलं की. तो म्हणाला, लोकांसमोर जाळ चालत नाही. परत सांगितलं तर म्हणतील, काम जमत नाही म्हणून कारणं सांगते. मला हे काम पाहिजे, अक्का. तुम्ही आता काही बोलू नका."

मी बोलून चुकले होते, हे तिला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

मॅनेजरला जाऊन म्हटलं, हिला आत नेऊन गॅसवर एकच भाकरी करायला लाव, आणि तू स्वतः खा. तो म्हणाला, रविवारची गर्दी आहे. मी म्हटलं, माझी चामड्याची भाकरी तशीच पडली आहे, ती तुला बदलून द्यावी लागेलच. सून ताटाकडे बघत बसली. मुलगा गाडी बघून येतो म्हणून बाहेर गेला.

दहा मिनिटांनी मॅनेजर स्वतः ताट घेऊन आला. भाकरी फुगलेली होती. त्याने घाईने तोडली, वाफेने बोट पोळलं, ते तोंडात धरून तो म्हणाला, "सरी, बरं अज्जी, बघतो."

बघतो म्हणजे काय, ते कळायला पुढच्या महिन्यापर्यंत थांबावं लागलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा एक तारीख उलटून गेली होती. काचेच्या खोलीत वेगळीच बाई बसली होती, तरुण, तीच नथ घातलेली. ती पिठाचा एकच गोळा थापायची, मोडायची, पुन्हा थापायची. भाजत काहीच नव्हती. लोक फोटो काढत होते. मला वाटलं, गेली ती विजापूरची.

मग भाकरी आली. मी पापुद्रा उचलून बघितला, तो सुटा निघाला, आणि मी आणखी एक मागवली.

जेवण संपत आलं तेव्हा स्वयंपाकघराचं दार ढकलून विजापूरची ती बाई बाहेर आली. साधं लुगडं, कपाळावर घाम, हाताला पीठ. आमच्या टेबलाशी थांबली आणि सुनेकडे बघून विचारलं, "ऊटा आयता?"

"आयतू," सून म्हणाली. उच्चार बरा होता.

मी म्हटलं, "भाकरी चांगली आहे. एण्णेगाईत गूळ फार पडतोय."

"ती माझ्याकडे नाही," ती म्हणाली आणि पदराला हात पुसत आत गेली. गॅसवर तिची भाकरी होती.