अब्बा शीड धरायला शिकले

माझे अब्बा उस्मानभाई अकोल्यात ताडपत्र्या शिवायचे. दोन हजार पाचच्या सुमारास कापसाचा भाव पडला, तसं कापूस झाकायला ताडपत्री मागणारं गिऱ्हाईकही आटलं. मशीन दिवसदिवस बंद असायचं. अब्बांचं बोलणंच कमी झालं.

अशात नौदलातून निवृत्त झालेले केशवराव एक फाटकं शीड घेऊन दुकानात आले. पाण्यावर फळीवर उभं राहून धरायचं असतं, तसलं. अब्बांनी ते मन लावून शिवलं आणि विचारलं, "इतकुसं कापड माणसाले वढते कसं?"

"शुक्रवारी महानच्या धरणावर या. दाखवतो."

अब्बा तेव्हा शेचाळीस वर्षांचे. पहिल्या दिवशी शीड पाण्यातून उचलताउचलताच पालथे पडले. पुन्हा चढले, पुन्हा पडले.

"उस्मानभाई, शिडाशी झोंबू नका," केशवराव काठावरून ओरडले. "गुडघे वाकवा, अंग मागं टाका. वारा धरते तुमाले."

"काहाचा धरते! बुडवून राह्यला मले!"

पण दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की ते बस पकडायचे. एरवी अंगणात पाटावर उभं राहून, बांबूला चादर बांधून सराव चालायचा. अम्मी आधी चिडायची, मग तोंडाला पदर लावून हसायची. त्या वर्षी आमच्या घरात हसू आलं ते असं.

मार्चमध्ये अब्बांनी आम्हाला धरणावर नेलं. शीड उभं राहिलं, फुगलं आणि अब्बा सरसर निघाले. मी टाळ्या वाजवल्या. पण त्यांना वळायचं ठाऊकच नव्हतं!

"अजी, पलटा ना!" अम्मी ओरडत राहिली. अब्बा थेट पलीकडच्या काठाला लागले.

तासाभरानं मासे धरणाऱ्या एका भोयाच्या डोंग्यातून परतले. मागं दोरानं बांधलेली फळी, मांडीवर टरबूज. पलीकडे माणिकबाईंची टरबुजाची वाडी होती; पाण्यातून आलेला पाहुणा म्हणून त्यांनी दिलेलं. अम्मी आधी रडली, मग अब्बांवर खूप रागावली. मग आम्ही सगळ्यांनी ते काठावरच फोडून खाल्लं.

पावसाळ्याच्या आत अब्बा वळायलाही शिकले. पुढं केशवराव मुलीकडे नागपूरला गेले, जाताना फळी अब्बांना देऊन गेले. अब्बांनी आणखी सहा वर्षं सराव सोडला नाही. दुकानात शाळेची दप्तरं शिवायला लागले, तरी शुक्रवार धरणाचाच.

आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. परवा मी त्यांना महानला नेलं. काठावर बसून ते पाण्यावरच्या लाटांवरून वाऱ्याचा अंदाज घेत होते.

"शाहीन," ते म्हणाले, "आज पलीकडं जाऊन दहा मिन्टात आलो असतो मी."